पोटाची जबानी

माझ्या सासऱ्यांच्या घरी 'नको' हा शब्द फार जपून वापरावा लागे. आपल्याकडे इतर घरांत 'नको' याचा अर्थ 'आणखी दोनदा विचारा, मग घेतो' असा असतो. अप्पांकडे 'नको' म्हणजे नको. विषय संपला, भांडं झाकलं.

हे मला कळलं ते मुलगी बघायला पनवेलला गेलो त्या दिवशी. पोहे झकास होते. मऊ, तरीही मोकळे, वर ओल्या खोबऱ्याची पखरण. वसुधानं, म्हणजे जी पुढे माझी बायको झाली तिनं, "अजून देऊ?" असं विचारलं. मी चांगल्या वळणाच्या घरातला मुलगा. "नको, नको," म्हणालो आणि बशी हळूच तिच्या बाजूला सरकवली. दुसऱ्या 'अजून देऊ'ची वाट बघत होतो, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "वसू, नको म्हणतायत ते. उचल बशी."

बशी उचलली गेली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. मुलीकडे बघायचं राहून गेलं.

पसंती कळवताना यातलं मी कुणाला काही सांगितलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. अप्पांबद्दल तर इतकी वर्षं जवळजवळ गप्पच राहिलो, आणि बोललो तेव्हा चारचौघांत हसं व्हावं अशाच गोष्टी सांगितल्या. आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं, या माणसाबद्दल एकदा नीट, खरं ते सांगून मोकळं व्हावं.

अप्पा पनवेलच्या कोर्टात शिरस्तेदार होते. सेवानिवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या तोंडून निवृत्त झालं नाही. उंच, काटक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सायकल इतकी पुसलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. जेवायला बसले की ते डावा हात पोटावर ठेवून डोळे मिटत. पहिल्यांदा मला वाटलं, माणूस देवाचं नाव घेतोय. वसुधाला विचारलं तर तिनं खांदे उडवले. शेवटी त्यांनाच विचारलं.

"पुकारा करतोय, जावईबापू," डोळे न उघडता ते म्हणाले. "भूक हजर आहे का बघायला नको? ती गैरहजर असताना एकतर्फी जेवण उरकलं, की मग अपील येतं. रात्री. छातीत."

भूक गैरहजर निघाली, की "आज तहकूब" म्हणून ते सरळ उठत. ताट वाढलेलं असो, पुरणपोळी असो, दिवाळी असो. खाल्लेलं जिरून स्वच्छ ढेकर आली, की तो पहिल्या केसचा निकाल. तोवर दुसरी केस दाखल करायची नाही. पोटाचे चार भाग: दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा. "मोकळा कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "कोर्टात माणसं खच्चून भरली तर न्यायाधीश बसेल कुठे?" आणि या सगळ्यावरचं त्यांचं ठेवणीतलं वाक्य: "जिभेची साक्ष घेऊ नका, ती फितूर होते. पोटाची जबानी घ्या."

शिकरण त्यांच्या घरातून हद्दपार होतं. "दूधही चांगल्या घरचं, केळंही चांगल्या घरचं," ते म्हणत, "पण ती दोघं एकत्र नांदत नाहीत. आपण कशाला बळजबरीनं लग्न लावा?"

त्यांच्याकडे करंजाड्याहून भाजी घेऊन हिराबाई यायची. लग्न ठरल्यावर तिनं मला ओट्यावर गाठून बजावलं होतं, "जावयबापू, या घरान लाजू नका. भूक हाय तं हाय म्हना, नाय तं नाय. मी पयल्या दिवशी चाय नको बोलले, तं साल गेला, कपाचं तोंड नाय दिसलं."

मी समजून घेतलं. पण हे माझ्या आईला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आम्ही पेणचे. आमच्याकडे पंगत ही एक विद्या होती. वाढपी आला की पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, "बास बास, अजिबात नको" म्हणायचं, आणि बोटं मात्र एवढी फाकवून ठेवायची की मधून जिलबी सहज पडावी. माझे बंडूमामा या विद्येतले आचार्य. त्यांच्यापाशी निदान चौघांना हात जोडावे लागत, तेव्हा कुठे ते जेवायला लागत, आणि एकदा लागले की आचारी आतून डोकावून बघे.

लग्न पनवेलच्या कार्यालयात. अप्पांनी वाढप्यांना सकाळीच उभं करून ताकीद दिली होती: प्रत्येक पानाला एकदा विचारायचं, 'नको' आलं की पुढचं पान. पंगत बसली. वाढपी जिलबीचं ताट घेऊन मामांपाशी आला. मामांनी हात आडवे धरले, बोटं फाकवली, मान वळवून लाजले. मान परत सरळ केली तोवर ताट सहा पानं पुढे गेलं होतं. मामा तसेच, हात धरून. मठ्ठा आला, गेला. मसालेभात आला, गेला. मामा वरणभातावर उठले.

आणि मग विहिणीची पंगत. माझी आई हिरव्या शालूत, चौरंगासमोर, भोवती रांगोळी. वराच्या आईनं त्या दिवशी किती वेळा 'नको' म्हणावं याला मर्यादाच नसते. तो तिचा मानच. आई प्रत्येक पदार्थाला 'नको' म्हणाली. अप्पा स्वतः जातीनं उभे होते. त्यांनी प्रत्येक 'नको' इतक्या आदरानं मान तुकवून स्वीकारला, की बघत राहावं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. खारपाड्याच्या पुलावर तिनं तोंड उघडलं. "मुलीची आई एक वेळ उपाशी राहिली तर समजू शकते. मी मुलाची आई! त्या माणसाच्या घरचा घास यापुढे माझ्या घशाखाली उतरणार नाही. लिहून ठेव."

मागून बंडूमामा म्हणाले, "उतरायला आधी पानात पडावा लागतो, ताई."

आईच्या या शपथेचं पुढे काय झालं, ते सांगायलाच मी हे लिहायला बसलोय.

अप्पांना हे कळलं तेव्हा ते खरोखर बुचकळ्यात पडले. "पण विहीणबाईंनी स्वतः जबानी दिली. मी समोर होतो." तरी ते समजूत घालायला पेणला आले. आईनं त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू वळून ठेवले होते. सुडाचे लाडू. दोन ठेवले, अप्पांनी खाल्ले. आणखी दोन आले. "नको." "घ्या हो." "नको, विहीणबाई." "माझ्या गळ्याची शपथ!" म्हणत आईनं ते बशीत टाकलेच. अप्पांनी बशीला नमस्कार केला आणि उठले.

"अन्नाचा अपमान करताय?" आई म्हणाली.

"पोटाचा करण्यापेक्षा बरा," अप्पा म्हणाले, आणि एसटी गाठायला निघाले.

त्यानंतर आई पनवेलला आली नाही. नातू झाला, बारसं पनवेलला होतं, तर आईनं बाळंतविडा पाठवला, स्वतः आली नाही. मी दोघांच्या मधे. आईपाशी अप्पांची टिंगल करायचो, अप्पांपाशी आईची तब्येत बरी नसल्याचं सांगायचो. असं दोन्हीकडे गोड बोलणाऱ्याला जी झोप लागते, तीच मला लागायची.

माझी नोकरी तेव्हा तळोज्याच्या कारखान्यात, शिफ्टची. खाण्याला वेळ ना काळ. भूक नसताना खायचं, भूक असताना चहा ढोसायचा. छातीत कायम जळजळ, खिशात कायम पांढऱ्या गोळ्या. अप्पांनी एक दिवस गोळ्यांचं पाकीट बघितलं. फक्त म्हणाले, "पंधरवडाभर एवढंच करा. शिफ्ट कोणतीही असो, पुकारा केल्याशिवाय डबा उघडू नका. उघडलात तर आधी आल्याचा तुकडा, सैंधव लावून. रात्री दही बंद." मी केलं, कारण गोळ्या संपल्या होत्या. आणि जळजळ गेली. कारखान्यात सगळे विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं, मुंबईचे एक मोठे डॉक्टर आहेत, फी फार घेतात. सासऱ्यांनी पोटावर हात ठेवायला शिकवलं हे सांगायची लाज वाटली. रविवारी सासुरवाडीला जेवून परतताना मी स्टँडवर गुपचूप वडापाव खायचो, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. असं मला वाटत होतं. एका रविवारी पानावर बसलो, तर अप्पा शांतपणे म्हणाले, "मागच्या खेपेचा वडा जिरला ना, जावईबापू?"

वडील गेले तेव्हा आईला आम्ही नवीन पनवेलला, आमच्या ब्लॉकमध्ये घेऊन आलो. रुळांच्या या बाजूला आई, त्या बाजूला जुन्या पनवेलमध्ये अप्पा. सायकलनं पंधरा मिनिटं. पण अप्पा आले की आई आतल्या खोलीत माळ घेऊन बसायची, आणि अप्पा बाहेरच्या खोलीतूनच "विहीणबाईंना नमस्कार सांगा" म्हणून परत जायचे.

मग आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण भूक गेली ती आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, आता हलकं खायला द्या, ताकद येईल. आम्ही तुटून पडलो. सफरचंद, सूप, बिस्किटं, शिरा. वसुधा सकाळी, मी संध्याकाळी, शेजारणी दुपारी. "आई, एक घास. बरं, अर्धा. माझ्यासाठी." ती तोंड मिटून घ्यायची. मी तिच्या हनुवटीला धरून चमचा आत सरकवायचो. ती गिळायची आणि थोड्या वेळानं सगळं बाहेर. जिनं सगळ्या पेणला आग्रह करकरून जेवू घातलं, तिच्या मनगटातून बांगड्या गळायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, तोंडानं काही टिकलं नाही तर ॲडमिट करू, सलाईन लावू. पण या वयात, इतक्या अशक्तपणात...

त्या संध्याकाळी अप्पा सायकलला पिशवी अडकवून आले. पिशवीत जुने तांदूळ, सोललेले मूग, सुंठ, सैंधव. वसुधानं बोलावलं होतं. मला विचारलंही नव्हतं. अप्पांनी आधी फोन करून डॉक्टरांनाच विचारून घेतलं होतं, पेज चालेल ना म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, चालेल काय, पोटात राहिली तर मी पेढे वाटेन.

मी आईला सांगितलं, "अप्पा आलेत. पेज करणार आहेत तुझ्यासाठी."

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्यांना सांग, मला नको."

"ऐकलं," स्वयंपाकघरातून अप्पांचा आवाज आला. "नको तर नको."

आणि ते करायला लागले. तांदूळ भाजायचे, भरडायचे, भरपूर पाण्यात शिजवायचे, वरून सुंठ-सैंधव. पातळ पेज वाटीत ओतून आईच्या उशाशी झाकून ठेवायची. "विहीणबाई, पेज इथे आहे," एवढंच म्हणायचं आणि बाहेर. थोड्या वेळानं गार झालेली वाटी उचलायची, एक अक्षर न बोलता. पुन्हा भूक लागायच्या सुमाराला ताजी. आम्हा सगळ्यांना ताकीद: या खोलीत खाण्याचा विषय काढायचा नाही. हवापाण्याबद्दल बोला, शेजाऱ्यांबद्दल बोला.

दुसऱ्या दिवशी अप्पा सकाळी आले. वाट्या जात होत्या, तशाच परत येत होत्या. अप्पा स्वतः काही खात नव्हते. वसुधानं विचारलं तर, "हजर नाही." ओट्यापाशी स्टुलावर बसून होते. दुपारी माझा तोल गेला.

"अप्पा, हे कोर्ट नाही! ती मरेल अशानं. तुमचे नियम तुमच्या घरी. मी आत जाऊन भरवतो तिला."

"भरवा," अप्पा म्हणाले. "पण आधी मला सांगा, तुम्ही भरवलेलं आत राहिलं का?"

मी वाटी हातात घेतली होती, ती ठेवून दिली. अप्पांनी कढईत पुन्हा मूठभर तांदूळ टाकले. तांदळाचा खमंग वास घरभर पसरला.

आतून आईचा आवाज आला. बारीक, पण आईचा.

"श्रीधर, काय चाललंय रे?"

"तांदूळ भाजतायत अप्पा."

"भाजत नाहीयेत. करपवतायत."

अप्पा ताठ झाले. "करपलेले नाहीत," ते भिंतीला म्हणाले.

"करपलेत. मला इथवर वास येतो. आच मोठी आहे."

"आच मंद आहे, विहीणबाई."

"मी आयुष्यभर तांदूळ भाजले. मला सांगू नका."

"चव घेतल्याशिवाय आरोप ग्राह्य धरता येत नाही."

मग आई म्हणाली, "आणा बघू."

वसुधाच्या हातातला पेला खाली पडला. अप्पांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पेज शिजेपर्यंत घरात कुणी खोकलंसुद्धा नाही. अप्पा वाटी घेऊन आत गेले, ठेवली आणि दारापाशी उभे राहिले. आई उशीला टेकून बसली. चमचा हातात घेतला. तिचा तिनं. एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून बघितली.

"सैंधव कमी आहे."

"मान्य," अप्पा म्हणाले.

"करपलेले मात्र नाहीत." हे तिनं वाटीकडे बघून सांगितलं. मग हळूहळू, मधे थांबत, सगळी वाटी संपवली. आणि माझ्या आईनं, जिला जेवायला बसवायला सगळ्या पेणनं हात जोडले, तिनं रिकामी वाटी स्वतः पुढे केली. "आहे का अजून?"

अप्पा वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो तर पातेल्यापुढे उभे, हातात पळी, पळीतून पेज परत पातेल्यात सांडत होती.

"अप्पा?"

"ही मागायची नाही," ते म्हणाले. मला आधी कळेना कुणाबद्दल बोलतायत. सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं; वसुधा शाळेत असतानाच त्या गेल्या. "शेवटच्या आजारात. मी रजा काढून भरवायचो. वाटी रिकामी झाली की मला बरं वाटायचं. मला. एकदा म्हणाली, आज नको हं. मी म्हटलं, माझ्यासाठी खा. खाल्लंन." पळी त्यांनी पातेल्याच्या काठावर ठेवली. "माझं मन मोडू नये म्हणून खात होती ती, जावईबापू. मला वाटत होतं, सुधारतेय."

मीच कालपर्यंत हनुवटी धरून चमचा कोंबत होतो.

"सरका," अप्पा म्हणाले. "पेज निवतेय."

दुसरी वाटी आईनं अर्धी घेतली. "बास," म्हणाली. अप्पांनी लगेच वाटी उचलली. आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा.

"व्याही, तुम्ही जेवलात का काही?"

अप्पांनी हात पोटावर ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. "नाही."

"वसुधा, त्यांचं पान इथेच घे. माझ्यासमोर."

अप्पा आईच्या खाटेजवळ पाट टाकून जेवले. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. आई पडल्या पडल्या बघत होती. मधे एकदा वसुधा भात घेऊन आली, अप्पा 'नको' म्हणाले, आणि आता आई आग्रह करते की काय म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. आईनं आग्रह केला नाही. तिचे डोळे पेंगत होते. पेजेनं, समाधानानं, कशानं कोण जाणे. रात्री उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा पेढे आम्हीच दिले. त्यांनी दोन खाल्ले, अप्पांनी एकही नाही.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी अप्पा हात धुऊन, शर्टाची कॉलर नीट करून पिशवी घ्यायला आले. काम झालं होतं. आईला भूक लागली होती; वसुधाला आता पेज येत होती. ते दारात रेंगाळले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "उद्या येऊ का?"

आईनं डोळे उघडले. "या. पण तांदूळ मी खुर्चीवर बसून भाजेन. तुम्ही बघा."

मी गॅलरीत गेलो. खाली अप्पांनी सायकल काढली, सीटवरून हात फिरवला, पिशवी हँडलला अडकवली आणि रुळांच्या दिशेनं निघाले. एवढ्या वर्षांत ज्यांची ओळख करून देताना मी नेहमी आधी हसायचो, ते माझे सासरे. शेजारच्या गॅलरीतल्या कुलकर्ण्यांना मी हाक मारली. "ते बघा, ते सायकलवरून चाललेत ना, ते माझे सासरे," म्हणालो.

रस्ता मोकळा होता. समोर ना माणूस, ना रिक्षा. तरी अप्पांनी घंटी वाजवली. मग थोडं पुढे जाऊन आणखी एकदा.